बोटीवरचा एसी जनरेटरवर नीट चालत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई बंदरातल्या बहुतेक यॉट आणि मोटरबोटी मुरिंगवर (पाण्यातल्या तरंगत्या बोयाला बांधून) उभ्या असतात. धक्क्यावरून वीज घ्यायची सोय क्वचितच मिळते, त्यामुळे गेटवेहून मांडव्याला निघालेल्या बोटीचा एसी चालतो तो जनरेटरच्या जिवावर. खालची उत्तरं समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या, २३० व्होल्ट ५० हर्ट्झच्या मरीन एसीसाठी आहेत. बोटीवर घरगुती स्प्लिट एसी बसवलेला असेल, तर पाण्याचा भाग सोडून बाकीचं बरंचसं लागू पडेल.

एसी गार करत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय. भरून घेऊ का?

इतक्यात नको. मरीन एसीचं एकसंध युनिट कारखान्यातच गॅस भरून बंद केलेलं असतं. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळतोय, आणि गळती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस टिकणार नाही. शिवाय या युनिटमध्ये गॅस ग्रॅमवर मोजून भरायचा असतो. नेमका आकडा युनिटच्या पाटीवर छापलेला असतो. अंदाजाने जास्त भरला तर दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि जनरेटरवर आणखी लवकर बंद पडतो.

गॅस खरोखर कमी असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या: कॉम्प्रेसरचा करंट पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी, बाहेर पडणारं पाणी जेमतेम कोमट, इव्हॅपोरेटरच्या (हवा गार करणाऱ्या कॉइलच्या) एका भागावरच बर्फ, एखाद्या सांध्याजवळ तेलाचा ओशट डाग. उलट करंट जास्त आणि गारवा कमी असेल, तर आधी पाण्याकडे बघा. तपासाचा क्रम नेहमी वीज, पाणी, हवा आणि सगळ्यात शेवटी गॅस असा ठेवा. बाजारात तो नेमका उलटा चालतो, कारण गॅस भरायचे पैसे मिळतात, गाळणी साफ करायचे नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची? काय काय लागेल?

हर्ट्झ दाखवणारा मल्टीमीटर, क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा), एक साधा थर्मामीटर, १० लिटरची बादली आणि घड्याळ. एवढ्यात दहातले आठ दोष सापडतात.

जनरेटर सुरू करून पाच मिनिटं गरम होऊ द्या. एसी बंद असताना व्होल्ट आणि हर्ट्झ लिहून ठेवा. एसी लावा आणि सुरू होतानाचा सगळ्यात खालचा व्होल्टेज टिपा. मीटरवर मिनिमम पकडायचं बटण असेल तर ते वापरा. दहा मिनिटांनी पुन्हा व्होल्ट, हर्ट्झ आणि कॉम्प्रेसरचा करंट मोजा. मग बोटीच्या बाजूला पडणाऱ्या धारेखाली बादली धरा. शेवटी एसीत शिरणाऱ्या आणि एसीतून येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. हे आकडे एसी ठणठणीत असताना एकदा लिहून पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवून ठेवले, तर पुढचा तपास निम्म्या वेळात होतो.

मोजमाप जिवंत वायरींवर होणार आहे. हात कोरडे, पायात रबरी तळाचे बूट, आणि खारट ओल असलेल्या जागी एकट्याने काम नको. या कामाची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि हे आकडे त्याच्याकडून घ्या.

व्होल्टेज आणि हर्ट्झ किती असायला हवेत?

चालू असताना २३० व्होल्टच्या १० टक्के वर-खाली, म्हणजे २०७ ते २५३. एसी सुरू होताना क्षणभर व्होल्टेज बराच खाली जातो. तो एक-दोन सेकंदांत सावरला तर काळजी नाही.

हर्ट्झ इंजिनाच्या वेगावर ठरतात. चार पोलच्या अल्टरनेटरला (जनरेटरमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाला) ५० हर्ट्झसाठी १५०० आरपीएम लागतात, दोन पोलच्या अल्टरनेटरला ३०००. साधा मेकॅनिकल गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) असलेला जनरेटर रिकामा असताना ५१.५ ते ५२ हर्ट्झवर ठेवतात, म्हणजे पूर्ण लोडवर तो ५० च्या आसपास येतो. रिकाम्या जनरेटरवर नेमके ५० दिसले आणि लोडवर ४७-४८, तर गव्हर्नर खाली सेट झालाय किंवा इंजिनात दम नाही. इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर असेल तर लोड असो-नसो आकडा ५० वरच राहायला हवा.

बहुतेक एव्हीआर (अल्टरनेटरचा व्होल्टेज आपोआप सांभाळणारं सर्किट) हर्ट्झ ४७-४८ च्या खाली गेले की इंजिनाला सावरायला वाव मिळावा म्हणून मुद्दामच व्होल्टेज उतरवतात. म्हणून कमी व्होल्टेज दिसला की लगेच एव्हीआरचा स्क्रू पिळू नका. आधी हर्ट्झ बघा. हर्ट्झ कमी असतील तर दोष इंजिनाच्या बाजूचा. हर्ट्झ बरोबर आणि व्होल्टेज कमी, तर अल्टरनेटरच्या बाजूचा: एव्हीआर, कार्बन ब्रश, किंवा कपॅसिटरवर चालणारा छोटा अल्टरनेटर असेल तर त्याचा उतरलेला कपॅसिटर.

धक्क्यावरच्या विजेवर एसी उत्तम चालतो, जनरेटरवर लावला की बंद पडतो. असं का?

एसी ठीक आहे एवढं यावरून कळलं, आणि ते चांगलंच आहे. आता जनरेटर चालू असताना काय बदलतं तेवढंच शोधायचं.

पहिला संशय हर्ट्झ आणि व्होल्टेजवर. ते वर आलं आहे.

दुसरा संशय सिलेक्टर स्विचवर. धक्का-जनरेटर निवडायच्या स्विचचे जनरेटरकडचे संपर्क काळे पडलेले असतात, किंवा जनरेटरच्या टर्मिनल बॉक्समधला लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) कंपनाने सैल झालेला असतो. इथे एक फसगत होते. समजा त्या सांध्याचा रोध अर्धा ओहम आहे. चालू एसीच्या ६.५ अँपिअरला तिथे जेमतेम ३ व्होल्ट पडतात आणि मीटरवर सगळं आलबेल दिसतं. पण कॉम्प्रेसर सुरू होताना ३० अँपिअर ओढतो तेव्हा तिथेच १५ व्होल्ट पडतात. म्हणून व्होल्टेज दोन ठिकाणी, जनरेटरच्या टर्मिनलवर आणि एसीच्या टर्मिनलवर, आणि तोही एसी सुरू होण्याच्या क्षणी मोजा. चालू लोडवर दोन्हीतला फरक ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे ७ व्होल्टपेक्षा जास्त नको. स्विच हाताला गरम लागत असेल तर मोजत बसायचीही गरज नाही, तो बदला.

तिसरा संशय पाण्याच्या पंपावर. काही बोटींवर पंपाची वायर वेगळ्या एमसीबीवरून येते आणि ती चुकून धक्क्याच्या विजेच्या बाजूलाच जोडलेली असते. जनरेटरवर कॉम्प्रेसर चालतो, पंप नाही. दोन-चार मिनिटांत दाब वाढून एसी बंद.

चौथा संशय असा, की जनरेटर आणि एसी दोघंही एकाच थ्रू-हलमधून (बोटीच्या तळातल्या पाणी आत घ्यायच्या तोंडातून) पाणी घेत आहेत. याला वेगळं उत्तर हवं.

जनरेटर चालू केला की एसीच्या पाण्याची धार बारीक होते. काय भानगड आहे?

जनरेटरचा पंप रबरी इम्पेलरचा (फिरत्या पात्यांच्या चक्राचा) असतो आणि पाणी खेचून घेतो. एसीचा पंप सेंट्रिफ्युगल. तो समोर आलेलं पाणी ढकलतो, स्वतःहून ओढू शकत नाही. दोघांना एकच थ्रू-हल आणि एकच गाळणी दिली, की इम्पेलरवाला जिंकतो आणि एसीच्या पंपाला उरलंसुरलं मिळतं. गाळणी अर्धी तुंबली तर इम्पेलर एसीच्या नळीतलं पाणीसुद्धा उलटं ओढतो, त्यासोबत हवा येते आणि एसीचा पंप कोरडा फिरतो.

खात्री करायला जनरेटर बंद करून, एसीचा पंप इन्व्हर्टरवर किंवा धक्क्याच्या विजेवर चालवून धार बघा. मग जनरेटर सुरू करा. धार त्याच क्षणी बारीक झाली तर कारण हेच. खरा उपाय एकच, दोघांना स्वतंत्र थ्रू-हल, स्वतंत्र सी-कॉक (थ्रू-हलवरचा बंद करायचा व्हॉल्व्ह) आणि स्वतंत्र गाळणी. ते बोट वर ओढली की करायचं काम आहे. तोवर सामाईक गाळणी रोज साफ ठेवून दिवस काढता येतात.

अशीच फसवी दुसरी गोष्ट म्हणजे जनरेटरच्या एक्झॉस्टचे बुडबुडे. एक्झॉस्टचं तोंड एसीच्या पाण्याच्या तोंडाजवळ, त्याच बाजूला असेल आणि वारा व प्रवाह एकमेकांविरुद्ध असले, तर फेसाळ, कोमट पाणी पुन्हा आत जातं. दोष ओहोटीला येतो आणि भरतीला जातो, असं दिसलं तर हे तपासा.

एसी लागताना जनरेटर दबतो, दिवे मिणमिणतात, मग एसी गुणगुणून थांबतो. दोष कोणाचा?

दोघांपैकी कोणाचाही असू शकतो. १६,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे गार करायच्या क्षमतेचं माप) एसी २३० व्होल्टवर चालताना साधारण ६ ते ७ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज १० टक्के उतरला तर ताकद १९ टक्के जाते. दबलेल्या व्होल्टेजवर कॉम्प्रेसर फिरू शकला नाही की तो तसाच ३० अँपिअर ओढत गुणगुणत राहतो, आणि काही सेकंदांत आतला ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) तुटतो. तो ओव्हरलोड कॉम्प्रेसरच्या आत असतो आणि थंड व्हायला तास-दोन तास घेतो. तेवढ्या वेळात लोक कॉम्प्रेसर जळाला असं ठरवून नव्या युनिटची चौकशी करतात. थांबा. हात लावून बघा. कवच चटका देत असेल तर थंड होऊ द्या.

मग स्टार्ट कपॅसिटर आणि रन कपॅसिटर तपासा. वीज बंद करा, मीटरने खात्री करा, २० किलो-ओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावून कपॅसिटरमधला चार्ज उतरवा आणि मायक्रोफॅरड मोजा. रन कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर बदला. फुगलेला किंवा तेल सुटलेला तर न मोजताच बदला. थकलेला कपॅसिटर धक्क्याच्या भक्कम विजेवर कसाबसा निभावतो, जनरेटरवर उघडा पडतो.

आणखी एक: एसी बंद करून लगेच चालू करू नका. दोन्हीकडचा दाब समान व्हायला किमान ३ मिनिटं लागतात. डिजिटल पॅनेल ही वाट स्वतः बघतं, जुना फिरवायचा नॉब बघत नाही.

जनरेटर ६ केव्हीएचा आहे. हिशेबात दोन एसी बसतात, तरी दुसरा लागत नाही.

हिशेब बहुधा फक्त अँपिअरचा केलेला असतो. ६ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टवर २६ अँपिअर. आता बोटीवरचा खरा लोड मांडू. १६,००० बीटीयूचे दोन एसी १३ अँपिअर, समुद्राच्या पाण्याचा पंप १, बॅटरी चार्जर ४.५, गीझर ५.२. बेरीज २३.७. बसलं की!

पण अल्टरनेटर केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) बघतो, इंजिन किलोवॅट (प्रत्यक्ष खर्ची पडणारी ताकद) बघतं. ०.८ पॉवर फॅक्टरवर (या दोन्हींच्या गुणोत्तरावर) ६ केव्हीए म्हणजे ४.८ किलोवॅट. दोन एसी २.८, पंप ०.१५, चार्जर ०.८, गीझर १.२, मिळून ४.९५. इंजिन आधीच हद्दीबाहेर आहे, हर्ट्झ घसरलेले आहेत, आणि या सगळ्यावर दुसऱ्या एसीचा सुरुवातीचा झटका यायचाय. मे महिन्यात इंजिनरूम ४५-५० अंशांवर गेली की इंजिनाची ताकद पाटीवरच्या आकड्याइतकीही उरत नाही.

म्हणून आधी एसी लावा, मग बाकीचं. गीझर आणि चार्जर बंद ठेवून पहिला एसी, तो स्थिर झाल्यावर अर्ध्या मिनिटाने दुसरा, नंतर चार्जर. गीझर आणि इंडक्शन शेगडी एसीबरोबर चालणार नाही, हे खलाशांना एकदा नीट सांगून पॅनेलवर मराठीत लिहून ठेवा. डिजिटल पॅनेलमध्ये सुरुवातीचा विलंब ठरवता येतो. दोन्ही एसींना वेगवेगळा द्या. नाहीतर वीज जाऊन आली की दोघं एकाच क्षणी उठतात.

सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं उपकरण) बसवला तर काम भागेल का?

प्रश्न फक्त सुरुवातीच्या झटक्याचा असेल तर हो, आणि छान भागेल. चांगला सॉफ्ट स्टार्टर तो झटका निम्म्याहून खाली आणतो. चालू लोडच जास्त असेल, गाळणी तुंबलेली असेल किंवा इंजिन मरगळलेलं असेल, तर त्याचा काडीचा उपयोग नाही. बसवताना तो तुमच्या कॉम्प्रेसरच्या अँपिअरचा आहे आणि सिंगल फेजचा आहे एवढं बघा. पहिल्या काही सुरुवातींत तो कॉम्प्रेसर ‘शिकतो’, तेव्हा बाकी लोड बंद ठेवा.

पहिला अर्धा तास सगळं झकास, मग हळूहळू एसी हात टेकतो. हे कशामुळे?

एसी हात टेकायच्या आधी हर्ट्झ उतरले की नाही, त्यावर सगळं अवलंबून आहे.

हर्ट्झ उतरत असतील, इंजिनाचा आवाज वर-खाली होत असेल, तर डिझेल अडतंय. सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) काचेच्या वाटीत पाणी किंवा काळा चिकट साका दिसतो का बघा. अर्धी रिकामी टाकी आणि आपली दमट हवा यातून टाकीत पाणी साचतं, पाण्यात बुरशी वाढते आणि ती फिल्टर गच्च करते. वाटीतलं पाणी काढा, सेपरेटरचा आणि इंजिनावरचा असे दोन्ही फिल्टर बदला, डिझेलच्या नळीतली हवा काढा. तरीही तेच, तर टाकीच्या व्हेंटची नळी आणि आतल्या ओढनळीची जाळी बघा. डिझेल साफ असूनही इंजिन दबत असेल तर एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट एल्बो (धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप) बाकी राहतात. एल्बो आतून कार्बन आणि मिठाने इतका भरतो की करंगळी जात नाही.

हर्ट्झ स्थिर आहेत आणि तरीही एसी बंद होतो, तर पाण्याकडे चला.

पॅनेलवर एचपीएफ किंवा हाय प्रेशर असा दोष येतो. काय करू?

डोमेटिकच्या बऱ्याच पॅनेलवर ही अक्षरं येतात, इतर कंपन्यांचे कोड वेगळे आहेत, पण अर्थ तोच: कंडेन्सरमधली (गॅसची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या भागातली) उष्णता पाण्याबरोबर बाहेर जात नाही. लोक पॅनेल बंद-चालू करून दोष पुसतात आणि पुढे जातात. त्याने कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं, दुसरं काही होत नाही.

बादली काढा. दर १२,००० बीटीयूला मिनिटाला ११ ते १५ लिटर पाणी लागतं. म्हणजे १६,००० बीटीयूच्या एसीची धार १० लिटरची बादली ३० ते ४० सेकंदांत भरते. मिनिटभर लागत असेल तर प्रवाह कमी आहे. एकाच पंपावर दोन एसी असतील तर दोन्ही धारा वेगवेगळ्या मोजा. एक जोरात आणि एक बारीक असं फार वेळा सापडतं.

मग आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक. ४ ते ७ अंश ठीक. ८ च्या वर गेला तर पाणी कमी आहे. धार भरपूर आहे, फरक कमी आहे आणि करंट मात्र जास्त, तर कंडेन्सरच्या नळीत आतून क्षार चढलाय.

प्रवाह कमी असेल तर बाहेरून आत या: थ्रू-हलच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी, सी-कॉकच्या आत बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे समुद्री जीव) आणि कालवं, गाळणी, ओढनळी आतून सुटून चपटी झालेली, पंपाचा इम्पेलर. मुंबई बंदराच्या पाण्यात गाळ आणि प्लास्टिक इतकं आहे की एसी चालणार त्या प्रत्येक दिवशी गाळणी उघडायचीच. उथळ जागी ओहोटीच्या तळाला एसी चालवला तर पंप चिखल ओढतो.

पाण्याचं तापमानही ध्यानात ठेवा. जानेवारीत इथलं समुद्राचं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं, मेमध्ये ३० च्या. त्या पाच अंशांनी दाब आणि करंट दोन्ही वाढतात. हिवाळ्यात कशीबशी चालणारी अर्धवट तुंबलेली यंत्रणा उन्हाळ्यात हमखास बंद पडते.

कंडेन्सर आतून धुवायचा कसा?

सी-कॉक बंद करा, एसीचा एमसीबी बंद करून टेप लावा. कंडेन्सरच्या दोन्ही नळ्या सोडवा आणि २० लिटरच्या बादलीत सोडा. बादलीतल्या छोट्या सबमर्सिबल पंपाने द्रावण नेहमीच्या उलट दिशेने फिरवा. द्रावणासाठी १० लिटर गोड्या पाण्यात ५०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरतं, किंवा मरीन डिस्केलर त्याच्या डब्यावरच्या प्रमाणात. एक ते दोन तास फिरवा. फेस येणं थांबलं की काम झालं. लगेच थांबला आणि द्रावण गढूळ झालं असेल तर नवं करून पुन्हा. शेवटी गोड्या पाण्याने १० मिनिटं धुवा.

हे चालू असताना कॉम्प्रेसर लावायचा नाही. ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. त्याच बादलीत ब्लीचिंग किंवा फिनेल मिसळायचं नाही. वापरलेलं द्रावण समुद्रात न ओतता कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर न्या. दुकानातलं टॉयलेटचं तीव्र ॲसिड वापरायचा मोह आवरा. क्युप्रोनिकेलची (तांबे-निकेलच्या मिश्रधातूची) नळी पातळ झाली की मग खरोखरच गॅस जातो.

पंप फिरतोय, पाणी येत नाही.

हवा अडकली आहे. बोट वर ओढून पुन्हा पाण्यात सोडली, गाळणी उघडली किंवा वेगाने वळण घेतलं की असं होतं. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीचा क्लॅम्प सैल करा, पाणी झिरपू लागलं की आवळा. पंप पाण्याच्या पातळीखाली असायला हवा आणि थ्रू-हलपासून एसीपर्यंत नळी सतत चढती. मध्ये कुठे झोळ पडला तर हवा तिथे पुन्हा पुन्हा बसणार. थ्रू-हलच्या बाहेरच्या स्कूपचं (पाणी आत वळवणाऱ्या झाकणाचं) तोंड पुढच्या बाजूला आहे ना, हेही बोट वर असताना बघून घ्या. उलटं बसवलेलं असेल तर चालत्या बोटीत ते पाणी आत देण्याऐवजी बाहेर खेचतं.

अमेरिकेतून आणलेली बोट आहे, ६० हर्ट्झची. इथे काय काळजी घ्यायची?

एसी, पंप आणि जनरेटर तिघांच्याही पाट्या वाचा. ५०/६० असं लिहिलं असेल तर निर्धास्त राहा. फक्त ६० लिहिलेलं असेल तर एसी जनरेटरवरच चालवा आणि जनरेटर ६० वरच ठेवा. २३० व्होल्ट ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर चालवायची तर व्होल्टेज १९२ च्या आसपास हवा. इथल्या धक्क्यावर तिला २३० मिळतात, ती तापते आणि पंपाचं पाणीही सहाव्या हिश्शाने घटतं. ‘जनरेटर १८०० वरून १५०० आरपीएमवर आणून देतो’ असं सांगणारे भेटतील. ते जमतं, पण जनरेटरची ताकद साधारण तेवढ्याच हिश्शाने कमी होते आणि एव्हीआरही त्याप्रमाणे बदलावा लागतो.

या बोटींवर १२०/२४० व्होल्टची तीन वायरींची पद्धत असते. जनरेटरची न्यूट्रल सैल झाली तर एका बाजूला ९० व्होल्ट आणि दुसरीकडे १५० असे आकडे दिसतात. असं दिसलं तर त्याच क्षणी सगळं बंद करा, नाहीतर चार्जर आणि टीव्ही आधी जातील.

जनरेटरवर असताना एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती पकडून पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होतो.

कोणता पडतो ते आधी बघा. जनरेटरवरचा पडला तर एकूण लोड जास्त. पॅनेलवरचा फक्त एसीचा पडला तर एसीतच काहीतरी अडकलंय. आरसीसीबी पडला तर गळती: ओला झालेला पंप, खारट झालेला टर्मिनल बॉक्स, कॉम्प्रेसरची वाइंडिंग. एकेक वायर सोडवत शोधा.

जनरेटरवर चालताना न्यूट्रल आणि अर्थ जनरेटरपाशी जोडलेले असायला हवेत. नसतील तर आरसीसीबी गरजेच्या वेळी पडणारच नाही. उलट तीच जोडणी बोटीच्या बसबारवर (वायरी एकत्र जोडायच्या पट्टीवर) कायमची करून ठेवली, तर धक्क्यावरचा आरसीसीबी लावताक्षणी पडेल. म्हणून सिलेक्टर स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा लागतो. कंटाळून आरसीसीबी काढून टाकलेल्या बोटी दिसतात. अशा बोटीभोवती पोहायला उतरू नका.

वीज-पाणी सगळं ठीक, तरी केबिन गार होत नाही.

शिरणारी आणि येणारी हवा, फरक ८ ते ११ अंश असेल तर एसी आपलं काम करतोय. केबिन मोठी आहे किंवा दारं उघडी आहेत. डेकच्या खालच्या केबिनला चौरस फुटाला ६० बीटीयू, मधल्या भागाला ९०, वरच्या काचेच्या सलूनला (बोटीवरच्या बैठकीच्या खोलीला) १२० हा नेहमीचा हिशेब. १२ बाय १० फुटांच्या सलूनला १४,४०० बीटीयू लागतात, तिथे १०,००० चा एसी मे महिन्यात हरणारच. काचांना बाहेरून पडदे लावा.

फरक कमी असेल तर हवेचा फिल्टर, चिमटलेली डक्ट आणि इव्हॅपोरेटरवरचा बर्फ तपासा. कोकणच्या दमट हवेत पंखा हळू ठेवला की बर्फ लवकर धरतो. तो वितळवायला कॉम्प्रेसर बंद, पंखा जोरात, अर्धा तास.

रात्री जनरेटर लावून एसीत झोपलं तर चालेल का?

एक्झॉस्टची पूर्ण तपासणी झालेली असेल आणि प्रत्येक झोपायच्या केबिनमध्ये चालू कार्बन मोनॉक्साइड अलार्म असेल तरच. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, ग्लानी ही त्याची लक्षणं, आणि बोटीवर सगळे म्हणतात ‘बोट लागली असेल, जरा पडून राहा’. नेमकं तेच घातक ठरतं. एकापेक्षा जास्त माणसांना एकदम तसं वाटू लागलं तर सगळ्यांना डेकवर मोकळ्या हवेत काढा आणि मग जनरेटर बंद करा.

एसी यात भर घालू शकतो. त्याचा पंखा आजूबाजूची हवा ओढतो. डक्टला इंजिनरूममध्ये चीर असेल किंवा पाणी निथळायची नळी सापळा (हवा अडवणारा पाण्याचा वळसा) न ठेवता इंजिनरूमच्या बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) सोडलेली असेल, तर धूर थेट केबिनमध्ये येतो. ती नळी एक्झॉस्टच्या तोंडापासूनही किमान मीटरभर लांब हवी. शनिवार-रविवारी मांडव्याला बोटी एकमेकींना बांधून उभ्या राहतात, तेव्हा शेजारच्या बोटीचा जनरेटरही तुमच्या खिडकीतून आत येतो.

डेकवर छोटा पेट्रोल जनरेटर ठेवून एसी चालवू का?

नको. वर सांगितलेला वायू, शिवाय पेट्रोल आणि खाऱ्या पाण्याने ओलं झालेलं प्लग-सॉकेट.

एसी नसताना जनरेटर नुसता चार्जिंगसाठी चालवला तर काही बिघडतं?

कधीमधी नाही. पण डिझेल इंजिन तासन्‌तास पाव लोडपेक्षा कमीवर चालवलं की त्यात कार्बन आणि न जळलेलं डिझेल साचतं आणि पुढे एसीच्या लोडवर ते दबू लागतं. चार्जिंगच्या वेळेला गीझरही लावा. निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंतचा लोड इंजिनाला मानवतो.

पावसाळ्यात बोट उभी असते. एसीचं काय करायचं?

जूनच्या आधी समुद्राच्या पाण्याची सगळी वाट गोड्या पाण्याने धुऊन रिकामी करा. भरून ठेवलं तर तीन महिन्यांत नळीत वास आणि बार्नॅकल दोन्ही मिळतील. सी-कॉक बंद करून दर पंधरवड्याला एकदा हलवा. निथळायची ताटली पुसून कोरडी करा. डिझेलची टाकी भरलेली ठेवा. जनरेटर महिन्यातून एकदा अर्धा तास लोडवर चालवा, पण तेव्हा एसी लावायचा असेल तर पाणी पुन्हा जोडून.

बोटीवर सुटे भाग कोणते ठेवावेत?

स्टार्ट आणि रन कपॅसिटरचा एकेक जोड, युनिटवरच्या मायक्रोफॅरड आणि व्होल्टेजचाच. गाळणीची जाळी आणि झाकणाचं रबर. जनरेटरचा इम्पेलर गॅस्केटसह, दोन्ही डिझेल फिल्टरचे दोन-दोन नग, पंख्याचा पट्टा. स्टेनलेसचे होज क्लॅम्प सहा-आठ. पंप बदलायला अर्धा दिवस लागतो आणि तो बंदरात सहज मिळत नाही, त्यामुळे चार्टरवर चालणाऱ्या बोटीने अख्खा पंप सोबत ठेवावा. घरच्यांसाठी फिरणाऱ्या बोटीला त्याची गरज नाही.